वाचकांचे प्रश्न : हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद आणि एक अवघड उतार

हिवाळी ऑलिंपिकविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. कोणी खर्चाविषयी विचारले आहे, कोणी बर्फाविषयी, कोणी जंगलाविषयी. परंतु पत्रे एकापाठोपाठ एक वाचली असता असे दिसते की बहुतेक सगळे प्रश्न एकाच जागेपाशी येऊन ठेपतात, आणि ती जागा म्हणजे आल्पाइन स्कीइंगचा, म्हणजे पायांना स्की बांधून बर्फाच्या उतारावरून वेगाने खाली येण्याच्या खेळाचा, विशेषतः त्यातील सर्वांत वेगवान अशा डाउनहिल शर्यतीचा उतार. फिगर स्केटिंगचे किंवा आइस हॉकीचे मैदान पैसे आणि वीज असेल तर कोणत्याही शहरात छपराखाली तयार करता येते. डोंगर मात्र असावा लागतो. पत्रांतील मजकूर जागेअभावी थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : भारताने २०३६ च्या उन्हाळी ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी इच्छा कळवली आहे. हिमालयासारखा पर्वत आपल्याकडे असताना हिवाळी ऑलिंपिकचा विचार का होत नाही? बर्फाच्या बाबतीत तरी आपण युरोपच्या मागे नसू. (महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

उत्तर : बर्फ असणे आणि शर्यतीचा उतार असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांनुसार ऑलिंपिकमधील पुरुषांच्या डाउनहिल शर्यतीसाठी सुरुवातीची जागा आणि शेवटची रेषा यांच्या उंचीत किमान ८०० मीटरचा फरक असावा लागतो. आपण साताऱ्याचे आहात, म्हणून मोजमाप सांगतो : शहरातून अजिंक्यतारा साधारण ३०० मीटर उंच दिसतो. त्याच्या अडीच पटींहून अधिक उतार, तोही सुमारे तीन किलोमीटरच्या सलग वाटेत, हवा. या वाटेत मध्येच असा सपाट भाग नको की ज्यावर स्कीपटूचा वेग मरेल, आणि असा कडाही नको की ज्यावरून तो उडाला तर सावरणारच नाही. दोन्ही बाजूंना संरक्षक जाळ्या लावण्याइतकी रुंदी हवी, पायथ्याशी प्रेक्षकांसाठी आणि थांबण्यासाठी मोकळी जागा हवी, माथ्यापर्यंत दोरमार्ग हवा, आणि जखमी खेळाडूला काही मिनिटांत हेलिकॉप्टरने उचलता यावे अशी सोय हवी.

या ८०० मीटरपायी काय करावे लागते याचे मला आवडते उदाहरण तत्कालीन युगोस्लाव्हियातील साराजेव्हो शहराचे आहे. १९८४ च्या स्पर्धेसाठी तेथील ब्येलाश्नित्सा हा डोंगर निवडला गेला आणि मोजणीत तो आवश्यक उंचीला काही मीटर कमी पडला. तेव्हा आयोजकांनी माथ्यावर एक इमारत उभारली आणि शर्यतीची सुरुवात त्या इमारतीतून केली. नियमाची भूक भागवण्यासाठी डोंगरावर मजले चढवावे लागले, असा हा प्रकार होता.

आता हिमालयाकडे येऊ. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तेथील दोरमार्ग अफरवाट शिखराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे ३,९०० मीटरच्या पुढे जातो. उंचीचा फरक येथे भरपूर आहे. परंतु त्या वरच्या उतारांवर हिमकडे कोसळण्याचा धोका असतो, आणि गुलमर्गची जगभर कीर्ती आहे ती भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी, जो सहलीला आलेल्या स्कीपटूला हवाहवासा वाटतो आणि शर्यतीला चालत नाही. उत्तराखंडातील औली येथे २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील शर्यती झाल्या. तेथे कृत्रिम बर्फाची यंत्रणाही आहे, परंतु तेथील मुख्य उतार डाउनहिलच्या मापाचा नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. पश्चिम हिमालयातील हिवाळी बर्फवृष्टी भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असते आणि ते दरवर्षी ठरल्या दिवशी येत नाहीत. २०२५ मध्ये गुलमर्गला फेब्रुवारीत व्हावयाच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेसा बर्फ नसल्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. देशांतर्गत स्पर्धेला अशी सवलत घेता येते. ज्या स्पर्धेसाठी सुमारे ९० देशांचे खेळाडू येतात आणि प्रक्षेपणाचे करार कितीतरी वर्षे आधी झालेले असतात, ती दोन आठवडे सरकवता येत नाही.

एक जाता जाता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरले होते. २०३० आणि २०३४ या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकचे यजमान एकाच वेळी ठरवावेत, हे तत्त्वतः तेथेच मान्य झाले, आणि तापमानवाढीमुळे २०४० च्या सुमारास बर्फावरील स्पर्धा घेऊ शकतील असे जेमतेम दहा देश उरतील, हा अंदाजही तेथेच मांडला गेला. आपल्या वर्तमानपत्रांत त्या आठवड्यात २०३६ ची चर्चा होती, त्यामुळे ही बातमी आतल्या पानांत राहिली. माझे मत विचाराल तर भारताने यजमानपदाची घाई करण्याऐवजी आंतरराष्ट्रीय दर्जाचा एक तरी शर्यतीचा उतार नीट बांधावा आणि तो सलग दहा हिवाळे चालवून दाखवावा. तोपर्यंत अर्ज करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : दूरदर्शनवर पाहताना सगळ्या शर्यती सारख्याच वाटतात. स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल यांत नेमका फरक काय? (शारीरिक शिक्षण शिक्षिका, सांगली)

उत्तर : फरक वेग आणि वळणे यांच्या प्रमाणात आहे. डाउनहिलमध्ये गेट, म्हणजे ज्यांमधून जावेच लागते अशा खांबांच्या जोड्या, दूर दूर असतात, वेग ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जातो आणि एकाच फेरीत निकाल लागतो. धोका मोठा असल्यामुळे शर्यतीच्या आधीच्या दिवसांत त्याच मार्गावर सरावाच्या फेऱ्या घ्याव्याच लागतात. सुपर-जीमध्ये वेग थोडा कमी आणि वळणे जास्त, परंतु येथे सरावाची फेरी मिळत नाही. सकाळी मार्गावरून हळूहळू उतरत प्रत्येक वळण पाहून घ्यायचे, डोळे मिटून ते मनात उजळायचे, आणि मग एकदाच उतरायचे. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या तंत्राच्या शर्यती आहेत. दोन्हींत दोन फेऱ्या होतात, दुसऱ्या फेरीसाठी गेट नव्याने मांडले जातात आणि दोन्ही वेळांची बेरीज करून क्रमांक लावतात. स्लॅलममधील गेट इतके जवळ असतात की पुरुषांच्या स्की डाउनहिलसाठी दोन मीटरहून लांब असतात, त्या येथे १६५ सेंटिमीटरपर्यंत आखूड होतात. एक गेट चुकले की शर्यत संपली.

आपण विद्यार्थ्यांना शिकवता, म्हणून एक बारकावा मुद्दाम सांगतो. पहिल्या फेरीनंतर आघाडीच्या ३० जणांचा क्रम दुसऱ्या फेरीत उलटा केला जातो. तिसावा आधी उतरतो आणि पहिला शेवटी. प्रत्येक उतरणाऱ्यागणिक वळणांपाशी खाचा पडत जातात, त्यामुळे पहिल्या फेरीत मागे पडलेल्याला ताजा उतार मिळतो आणि आघाडीवरच्याला उकरलेल्या बर्फावर आपली आघाडी राखावी लागते. हा नियम मला या खेळातील सर्वांत न्याय्य आणि त्याच वेळी सर्वांत निर्दय नियम वाटतो.

वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारा खेळाडू तेवढ्या काळात सुमारे ३३ सेंटिमीटर पुढे जातो. असे असूनही रशियातील सोचीच्या २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या डाउनहिलमध्ये स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन आणि स्लोव्हेनियाची टिना माझे या दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद अशी अगदी सारखी भरली आणि दोघींना सुवर्णपदक देण्यात आले.

यजमानाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की या शर्यतींना एकच उतार पुरेलच असे नाही. १९३६ मध्ये जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे आल्पाइन स्कीइंगचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला तेव्हा डाउनहिल आणि स्लॅलम मिळून एकच पदक होते. १९४८ मध्ये दोन्ही शर्यती स्वतंत्र झाल्या, १९५२ मध्ये जायंट स्लॅलम आणि १९८८ मध्ये सुपर-जी आली. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये वेगाच्या शर्यती जोंगसन येथे आणि तंत्राच्या शर्यती योंगप्योंग येथे घेतल्या. २०२६ साठी इटलीने पुरुषांच्या शर्यती बोर्मिओला आणि महिलांच्या कोर्तिना दाम्पेझोला ठेवल्या, आणि या दोन गावांच्या मध्ये कित्येक तासांचा घाटरस्ता आहे.

प्रश्न : यंत्राने बर्फ तयार करून डोंगरावर पसरतात असे वाचले. आमच्याकडे कृष्णेचे पाणी ताकारी, म्हैसाळसारख्या उपसा योजनांनी वर चढवताना विजेचे बिल कोण भरणार यावर वर्षानुवर्षे वाद चालतात. हे लोक खेळासाठी एवढे पाणी डोंगरावर कसे चढवतात, आणि ते वाया जात नाही का? (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर : आपण अगदी योग्य जागी बोट ठेवले आहे, कारण कृत्रिम बर्फ हा प्रथम पाणी उपसण्याचा आणि नंतर बर्फाचा विषय आहे. दरीत किंवा डोंगराच्या मध्यावर साठवण तलाव बांधतात, तेथून मोठ्या दाबाने पाणी जमिनीखालील नळांतून उताराच्या कडेने वर नेतात आणि ठरावीक अंतरावर यंत्रांना जोडतात. यंत्रात पाणी आणि दाबलेली हवा बारीक तोटीतून एकत्र बाहेर पडतात. हवा प्रसरण पावताना थंड होते, त्यामुळे पाण्याचे काही थेंब लगेच गोठतात, आणि पंख्याने दूर फेकलेले बाकीचे थेंब या सूक्ष्म कणांना चिकटून खाली पडेपर्यंत बर्फ होतात.

यासाठी केवळ थंडी पुरत नाही, हवा कोरडीही असावी लागते. द्राक्षबागेत सकाळचे दव आणि हवेतील दमटपणा यांवर आपली नजर असतेच; येथेही हिशेब त्याच दोन आकड्यांचा आहे. हवा कोरडी असेल तर शून्य अंशाच्या आसपासही बर्फ करता येतो, कारण थेंबांतील थोडे पाणी वाफ होऊन उरलेल्याला थंड करते. हवा दमट असेल तर उणे तीन-चार अंशांपर्यंत वाट पाहावी लागते.

पाण्याचे प्रमाण असे धरावे. ताज्या नैसर्गिक बर्फाच्या एका घनमीटरचे वजन साधारण १०० किलो किंवा त्याहूनही कमी असते, तर यंत्राच्या बर्फाचे ४०० ते ५०० किलो. म्हणजे एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर १२ ते १५ लाख लिटर पाणी लागते, आणि शर्यतीच्या मार्गाला याहून जाड थर हवा असतो. एवढ्यावर काम थांबत नाही. शर्यतीच्या आधी तोट्या बसवलेल्या लांब दांड्यांनी दाबलेल्या बर्फात पुन्हा पाणी भरतात, म्हणजे रात्रीतून तो काचेसारखा कडक होतो. चित्रपटांत नायक-नायिका ज्या मऊ बर्फात लोळतात त्यावर पहिले दहा खेळाडू उतरले की विसाव्यासाठी नांगरटच शिल्लक राहील. सर्वांना शक्य तितका सारखा मार्ग मिळावा म्हणून तो कडक करावा लागतो, आणि यंत्राचा घट्ट बर्फ त्यासाठी नैसर्गिक बर्फापेक्षा सोयीचा पडतो. ऊन वाढले तर मीठही टाकतात. मीठ वरचा थोडा बर्फ वितळवते, वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या बर्फातून ओढली जाते आणि खालचा थर उलट घट्ट होतो.

बर्फाची टंचाई ही अलीकडचीच गोष्ट आहे असे मात्र नाही. १९६४ मध्ये इन्सब्रुकला बर्फच पडला नाही, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी सुमारे ४०,००० घनमीटर बर्फ वरच्या डोंगरांतून आणून स्कीच्या उतारांवर पसरला आणि पायांनी तुडवून घट्ट केला. ऑलिंपिकमध्ये यंत्राचा बर्फ प्रथम १९८० मध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिडला वापरला गेला. सोचीने आधीच्या हिवाळ्यातील बर्फ आच्छादनांखाली साठवून ठेवला होता. २०२२ मध्ये बीजिंगने आल्पाइन स्कीइंगसाठी यानछिंग भागातील श्याओहायतुओ डोंगर निवडला. तेथे थंडी कडक, परंतु हिवाळा कोरडा, म्हणून शर्यतींचा जवळजवळ सगळा बर्फ यंत्राचा होता आणि त्याचे पाणी लांबच्या जलाशयांतून नळांनी आणावे लागले.

पाणी वाया जाते का, याचे उत्तर सरळ होकारार्थी देता येत नाही. वसंतात बर्फ वितळतो आणि बहुतेक पाणी पुन्हा त्याच खोऱ्यात उतरते. काही भाग वाऱ्याने आणि बाष्पीभवनाने जातो. खरी तक्रार वेळेची आहे. हे पाणी घेतले जाते हिवाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा डोंगरातील ओढे सर्वांत क्षीण असतात, आणि परत मिळते ते वसंतात, जेव्हा ओढे तसेही भरून वाहत असतात. आवर्तन उशिरा आले तर वर्षाचे एकूण पाणी तेवढेच असूनही बागेचे काय होते, हे मी आपल्याला सांगायला नको. विजेचे बिल बहुतेक ठिकाणी स्की केंद्र चालवणारी कंपनी तिकिटांतून वसूल करते. ऑलिंपिकपुरती उभारलेली व्यवस्था असेल तर ते शासनाच्या, म्हणजे करदात्याच्या, अंगावर येते.

प्रश्न : यजमानपद मिळाल्यानंतर एखाद्या शहराला ते नाकारता येते का? तेथील नागरिकांना याबाबत कायदेशीर अधिकार असतो का? (वकील, कराड)

उत्तर : नाकारता येते, आणि एकदा ते घडलेही आहे. १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक १९७० मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहराला देण्यात आले होते. प्रस्तावात डाउनहिलसाठी शहराजवळचा स्निक्टाऊ हा डोंगर दाखवला होता. जवळ असणे एवढाच त्याचा गुण होता. बर्फ तेथे पुरेसा पडत नसे, आणि प्रस्तावातील छायाचित्रात बर्फ रंगवून घातला होता हे पुढे उघड झाले. मग उतार दूरच्या डोंगरांत हलवण्याची भाषा सुरू झाली, त्याबरोबर रस्ते आणि खर्च वाढू लागला, आणि आपल्या गावांजवळून काय काय जाणार हे रहिवाशांना आपल्याला न विचारता ठरत असल्याचे दिसू लागले. राज्य विधिमंडळाचे सदस्य रिचर्ड लॅम यांनी विरोधाचे नेतृत्व केले. नोव्हेंबर १९७२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी स्पर्धेसाठी सार्वजनिक पैसा देण्यास सुमारे ६० टक्के मतांनी नकार दिला आणि डेन्व्हरला माघार घ्यावी लागली. ज्या इन्सब्रुकने बारा वर्षांपूर्वी सैनिकांकरवी बर्फ वाहिला होता, तेच शहर मदतीला आले, आणि तेथील पाचरकोफेल डोंगरावर फ्रान्झ क्लामरने डाउनहिल जिंकली. लॅम पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले.

येथे कायद्याच्या अंगाने एक बाब पाहण्यासारखी आहे. मतदारांपुढे “ऑलिंपिक हवे की नको” असा प्रश्न नव्हता. प्रश्न पैशाचा होता. ऑलिंपिक समितीशी झालेल्या करारात तूट भरून देण्याची हमी यजमानाकडून घेतली जाते, त्यामुळे सार्वजनिक पैशाचा मार्ग बंद झाला की करार आपोआप निर्जीव होतो. अलीकडे ही वेळ अर्ज करण्याआधीच येते. म्युनिकच्या परिसरातील मतदारांनी २०१३ मध्ये, इन्सब्रुक आणि तिरोलच्या मतदारांनी २०१७ मध्ये, आणि स्वित्झर्लंडमधील व्हाले प्रांताच्या तसेच कॅनडातील कॅल्गरीच्या मतदारांनी २०१८ मध्ये नकार दिला. २०२२ च्या वेळी ऑस्लोही शासनाचा आर्थिक पाठिंबा न मिळाल्याने बाहेर पडले, आणि शेवटी बीजिंग व कझाकस्तानातील अल्माटी ही दोनच शहरे उरली. बीजिंग ४४ विरुद्ध ४० मतांनी जिंकले. नकार देणाऱ्यांची यादी नीट पाहा. म्युनिक, इन्सब्रुक, व्हाले, कॅल्गरी, ऑस्लो : ज्यांच्याजवळ डोंगर, बर्फ आणि खेळाची परंपरा तिन्ही आहेत, त्यांनीच नको म्हटले.

या नकारांमागे सोचीच्या खर्चाची छाया होती. २०१४ च्या त्या स्पर्धेचा खर्च ५० अब्ज डॉलरपेक्षा अधिक झाल्याचे सर्वत्र सांगितले जाते. त्यात मैदानांपेक्षा पायाभूत कामांचा भाग फार मोठा होता, आणि त्यातील सर्वांत महाग कामांपैकी एक म्हणजे समुद्रकाठच्या शहरापासून डोंगरातील क्रास्नाया पोल्यानापर्यंतचा नवा रस्ता आणि रेल्वेमार्ग. आल्पाइन स्कीइंगचा रोझा खुटोर हा उतार त्या मार्गाच्या टोकाला आहे. शहर एकीकडे आणि उतार दुसरीकडे असला म्हणजे मधल्या अंतराचे पैसे मोजावेच लागतात. ऑलिंपिक समितीने २०१४ च्या अखेरीस आपले धोरण बदलले, असलेल्याच जागा वापरण्यावर भर दिला आणि एकापेक्षा अधिक शहरांना मिळून यजमानपद घेण्याची वाट मोकळी केली. मिलान आणि कोर्तिना यांची २०२६ ची जोडी, २०३० साठी फ्रान्सचा आल्प्स प्रदेश, आणि २००२ ची मैदाने हाताशी असलेले सॉल्ट लेक सिटी २०३४ साठी, हे सगळे त्या धोरणाचे फळ आहे.

भारतात अशा सार्वमताची तरतूद नाही, हे आपण जाणताच. वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला असलेले वजन मात्र कमी लेखू नये. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो टिकला. स्कीइंगच्या संदर्भात कुलू खोऱ्यातील उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथे हिमालयन स्की व्हिलेज नावाचा मोठा प्रकल्प येऊ घातला होता. गावकऱ्यांनी विरोध केला, नग्गर येथे खोऱ्यातील देवतांची जगती, म्हणजे देवसभा, बोलावण्यात आली आणि देवतांचा कौल विरोधात गेला. न्यायालयांतही वाद चालला आणि प्रकल्प उभा राहिला नाही. देवतांच्या कौलाला विधिग्रंथांत स्थान नाही; परंतु ज्या डोंगरावर उतार कापायचा तेथील माणसांची संमती नसेल तर काय होते, हे डेन्व्हरला कळले तेच कुलूतही दिसले.

प्रश्न : कास पठारावर गर्दी वाढली तेव्हा कुंपण, तिकीट आणि संख्येची मर्यादा आली. स्कीच्या उतारासाठी जंगल तोडतात, त्याचे पुढे काय होते? (वाचक, वाई)

उत्तर : कधी डोंगराचा विचार होतो, कधी होत नाही. जपानमधील १९९८ च्या नागानो ऑलिंपिकसाठी हाकुबा येथील डाउनहिलची सुरुवात १,६८० मीटरवर ठेवली होती, कारण त्यावरचा भाग राष्ट्रीय उद्यानाच्या विशेष संरक्षित क्षेत्रात होता. स्की महासंघाला शर्यत लांब हवी होती आणि त्याने १,८०० मीटरचा आग्रह धरला. हा वाद काही वर्षे चालला आणि स्पर्धेला दोन-तीन महिने उरले असताना १,७६५ मीटरवर तडजोड झाली. शर्यतीतील काही सेकंदांसाठी एवढे ताणावे का, असे आपल्याला वाटेल. जपानी आयोजकांनी इतकी वर्षे ताणून धरले याचे मला कौतुक वाटते.

दक्षिण कोरियात तसे झाले नाही. २०१८ साठी ८०० मीटरचा उतार देणारा डोंगर म्हणून जोंगसनचा गारिवांगसान निवडला गेला. तो संरक्षित वनाचा भाग होता. तेथील जुनी झाडे हजारोंच्या संख्येने तोडण्यात आली, आणि स्पर्धेनंतर जंगल पूर्ववत करण्याचे वचन देण्यात आले. स्पर्धा संपल्यावर स्थानिक प्रशासनाने दोरमार्ग पर्यटनासाठी राखण्याचा हट्ट धरला, पर्यावरणवाद्यांनी वचनाची आठवण दिली, आणि वर्षानुवर्षांच्या वादानंतर दोरमार्ग पर्यटकांसाठी सुरू झाला. काही दिवसांच्या शर्यतींनंतर तेथे स्कीइंगचे केंद्र उभे राहिले नाही.

कासच्या जांभ्या दगडावर मातीचा थर किती पातळ आहे हे आपण पाहिले असेल. उंच डोंगरांवरची मातीही अशीच पातळ आणि संथ गतीने घडलेली असते. यंत्रांनी उतार सपाट केला की ती वाहून जाते आणि झाडोऱ्याला परत यायला कित्येक दशके लागतात. घट्ट कृत्रिम बर्फ उशिरा वितळत असल्याने खालच्या गवताचा आणि फुलांचा आधीच आखूड असलेला हंगाम आणखी आखूड होतो. म्हणून नवा उतार कापण्यापेक्षा जुन्या उतारावर स्पर्धा घ्यावी, हा मार्ग मला एकमेव समंजस वाटतो. कोर्तिनात १९५६ सालीही ऑलिंपिक झाले होते आणि तेथे ऑस्ट्रियाच्या टोनी साइलरने तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या. सत्तर वर्षांनी त्याच गावाच्या उतारांवर परत जाण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ हिमकण पडतात. तेथे स्कीइंग शक्य आहे का? आणि आपल्या भागातील मुलामुलींना हा खेळ शिकायचा असेल तर काय करावे? (पालक, महाबळेश्वर)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर, नाही. लिंगमळा आणि वेण्णा परिसरात दिसतात ते आकाशातून पडलेले हिमकण नसून निरभ्र रात्री गवतावर, जीपच्या टपावर गोठलेले दव असते, आणि ऊन वर येताच ते जाते. छायाचित्रासाठी ते पुरते, स्कीसाठी नाही.

दुसऱ्याचे उत्तर आशादायक आहे. गुलमर्ग येथे केंद्र शासनाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, मनालीला हिमाचल शासनाची आहे आणि औलीलाही हिवाळ्यात वर्ग चालतात. अगदी नवख्यांसाठी तेथे साधने भाड्याने मिळतात, त्यामुळे पहिल्याच वर्षी स्की विकत घेण्याच्या फंदात पडू नये. भारताचे आल्पाइन स्कीपटू ऑलिंपिकमध्ये १९६४ पासून अधूनमधून दिसतात. त्या वर्षी इन्सब्रुकला जेरेमी बुयाकोव्स्की उतरले होते. २०२२ मध्ये बीजिंगला गेलेला एकमेव भारतीय खेळाडू गुलमर्गजवळचा आरिफ खान होता आणि जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. त्या शर्यतीत दुसरी फेरी पूर्ण करणे हेच अनेकांना जमले नव्हते. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्लॅलमचे कांस्यपदक मिळवले, आणि आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धेतील ते भारताचे पहिले पदक ठरले.

सातारा-सांगलीत राहून करण्यासारखी तयारी म्हणजे इनलाइन स्केटिंग. एका ओळीत चाके असलेल्या स्केटवर, उतरत्या रस्त्यावर खांब मांडून स्लॅलमचा सराव युरोपातले खेळाडूही उन्हाळ्यात करतात. वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, गुडघे वाकवून ठेवणे आणि पडण्याची भीती घालवणे या तीन गोष्टी त्यातून येतात. वाहनांचा रस्ता टाळावा, हेल्मेट आणि गुडघ्यांची संरक्षक साधने वापरावीत, आणि मांड्या बळकट करण्यासाठी घाट चढण्यापेक्षा घाट उतरण्याचा सराव अधिक करावा, कारण स्कीइंगमध्ये शरीराला सतत पेलायचा असतो तो उतारच.